१२ ऑक्टोबरची वीज कोणी घालवली? माझ्या सिनॉप्सिसमधलं खोडलेलं वाक्य

माझ्या पीएचडीच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य असं होतं: ‘१२ ऑक्टोबर २०२० रोजी चीनने केलेल्या सायबर हल्ल्यामुळे मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला.’ गाईड मॅडमनी त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘कशावरून?’

खरं सांगतो, मला राग आला होता. न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली होती, राज्याच्या गृहमंत्र्यांनी पत्रकार परिषद घेतली होती, आणि नंतरच्या कितीतरी लेखांत हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं छापलेलं होतं. आणखी काय हवं? पण त्या एका शब्दाचं उत्तर शोधण्यात माझे चार महिने गेले, आणि शेवटी माझा विषयच बदलला. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन बसलेत, आणि ‘राष्ट्रीय सायबर सुरक्षा’ असा विषय घेऊ का, असे मेल मला येतात. घ्या, जरूर घ्या. पण त्याआधी या एका घटनेचा पुरावा माझ्याबरोबर एकदा तपासून बघा.

आधी तो दिवस. सोमवार होता. अधिक महिना संपत आलेला, घटस्थापना पाच दिवसांवर. आम्ही गिरगावात, ठाकूरद्वारजवळ चाळीत राहतो. सकाळी दहाच्या सुमारास पंखा थांबला. इथे वीज जाणं सवयीचं नाही. बेस्टची वीज असल्यामुळे आमच्याकडे मेणबत्ती फक्त वाढदिवसाला निघते. पाच मिनिटांत अख्खा मजला गॅलरीत. मेट्रोच्या खोदकामात केबल तुटली असणार, असं पहिलं मत पडलं (त्या काळात ठाकूरद्वारला काहीही बिघडलं तरी दोष मेट्रोचा). मग फोनाफोनी झाली आणि कळलं की दादरला नाही, लालबागला नाही, ठाण्यालाही नाही, आणि लोकल जागच्या जागी उभ्या आहेत. बेस्टने जाहीर केलं की टाटाकडून येणारा पुरवठाच बंद पडला आहे.

आमच्या शेजारचे काका वीजखात्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. ते गॅलरीत कठड्याला टेकून शांतपणे म्हणाले, “कळव्याला काहीतरी झालंय. आणि आयलंडिंग चाललेलं दिसत नाही.” मी मान डोलावली. आयलंडिंग म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विचारलंही नाही. ती माझी या विषयातली पहिली चूक.

आता माहीत आहे, म्हणून सांगतो. मुंबईला लागणाऱ्या विजेचा एक भाग जवळपासच तयार होतो: ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र, डहाणूचं केंद्र, आणि सह्याद्रीतली टाटांची जुनी जलविद्युत केंद्रं, म्हणजे खोपोली, भिवपुरी, भिरा. त्यातलं खोपोली तर १९१५ पासूनचं, गिरण्यांना वीज द्यायला उभारलेलं. बाकीची वीज राज्याच्या ग्रीडमधून कळवा, पडघे, खारघर अशा मोठ्या उपकेंद्रांतून शहरात येते. बाहेरच्या ग्रीडमध्ये गडबड झालीच, तर मुंबईने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचं, कमी महत्त्वाचा भार सोडून द्यायचा आणि आपल्या जवळच्या केंद्रांवर बेटासारखं चालू राहायचं. ही सोय म्हणजे आयलंडिंग. त्या दिवशी ती मुंबईला वाचवू शकली नाही. त्या वेळचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी दिलेलं स्पष्टीकरण असं: महापारेषणच्या ४०० केव्हीच्या कळवा-पडघे केंद्रात एका सर्किटचं देखभालीचं काम चालू होतं, म्हणून भार दुसऱ्या सर्किटवर होता, आणि त्या दुसऱ्यातच बिघाड झाला. पुढे त्यांनीच घातपाताची शक्यता नाकारता येत नाही, असंही म्हटलं. लोकल दुपारी सुरू झाल्या, आमचा पंखाही दुपारीच फिरला. काही भागांना मात्र रात्रीपर्यंत थांबावं लागलं.

इथपर्यंत ही विजेच्या तारांची गोष्ट आहे. सायबरचं प्रकरण साडेचार महिन्यांनी सुरू झालं.

२८ फेब्रुवारी २०२१ ला रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. त्यांचं म्हणणं असं: २०२० च्या मध्यापासून, म्हणजे गलवानच्या सुमारास, चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीजक्षेत्रातल्या १० संस्थांना लक्ष्य केलं आहे. त्यात देशातल्या पाचपैकी चार प्रादेशिक भारप्रेषण केंद्रं आहेत, शिवाय दोन बंदरं. त्या गटाला त्यांनी ‘रेडएको’ असं नाव दिलं. त्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने या अहवालाला मुंबईतल्या अंधाराची जोड देऊन बातमी केली. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या तपासाचा हवाला दिला: वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन हॉर्स घातले गेले असावेत, परदेशी सर्व्हरवरून ८ जीबी बेहिशेबी डेटा आला असावा, आणि काळ्या यादीतल्या आयपी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न झाले असावेत. २ मार्चला केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की दोन पथकांनी चौकशी केली, वीज जाण्याचं कारण मानवी चूक होतं. सायबर हल्ले झाले, पण त्यांचा मुंबईच्या बिघाडाशी संबंध नाही. चीनने अर्थातच सगळं नाकारलं.

तीन दिवस, तीन विधानं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी त्यातली पहिली दोन घेतली होती आणि तिसरं ‘सरकारी सारवासारव’ म्हणून सोडून दिलं होतं. का सोडलं? प्रामाणिक उत्तर: पहिल्या दोन विधानांमुळे माझा विषय मोठा दिसत होता.

अहवाल खरंच काय म्हणतो

मॅडमनी मला पहिलं काम दिलं ते अहवाल वाचण्याचं. बातमी नव्हे, मूळ अहवाल. त्यात मुंबईच्या घटनेचा उल्लेख आहे, आणि त्याच्याबरोबर हेही आहे की वीज जाणं आणि मालवेअर सापडणं यांतला संबंध सिद्ध झालेला नाही. म्हणजे ज्या कागदाचा आधार घेऊन मी ‘हल्ल्यामुळे’ असं लिहिलं, तो कागदच तसं म्हणत नव्हता. हे मला कळलं तेव्हा आमच्या वाचनालयातली टेबलाची कड मी किती वेळ बघत बसलो होतो, ते सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचं, हे लोक नेमकं बघत काय होते? भारतातल्या एकाही यंत्राला त्यांनी हात लावलेला नाही. हल्लेखोर ज्या सर्व्हरवरून मालवेअरला हुकूम देतात, ते सर्व्हर ओळखायचे, आणि जगातून कुठले कुठले आयपी पत्ते त्यांच्याशी बोलतात त्यावर लक्ष ठेवायचं, ही त्यांची रीत. शॅडोपॅड नावाच्या मालवेअरच्या सर्व्हरांशी भारतीय वीजसंस्थांच्या नावावरचे पत्ते बोलताना दिसले. हा पुरावा भक्कम आहे, पण तो कशाचा पुरावा आहे ते नीट बघा. चाळीच्या दारात उभं राहून कोण आलं-गेलं याची नोंद ठेवल्यासारखं आहे हे. चोर आत शिरला हे कळतं. कुठल्या खोलीत गेला आणि काय उचललं, हे दारातून दिसत नाही. त्या आयपी पत्त्यामागे भारप्रेषण केंद्राचं नियंत्रण चालवणारं यंत्र होतं, की हिशेब विभागातला एखादा जुना संगणक, हे बाहेरून सांगता येत नाही.

हा फरक फार मोठा आहे. वीजकंपनीत ढोबळमानाने दोन जाळी असतात. एक कार्यालयाचं: मेल, पगार, बिलं. दुसरं यंत्रांचं: उपकेंद्रातले ब्रेकर उघड-बंद करणारं, ज्याला स्काडा वगैरे म्हणतात. पहिल्या जाळ्यात शिरकाव होणं वाईटच, पण त्यावरून दुसऱ्यात शिरकाव झाला असं होत नाही. कुडनकुलमचं उदाहरण घ्या. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सर्ट-इनने मालवेअरची सूचना दिली होती. २९ ऑक्टोबरला अणुकेंद्राकडून ‘असं काही झालेलं नाही’ असं निवेदन निघालं, आणि ३० ऑक्टोबरला एनपीसीआयएलने, जिचं मुख्यालय इथेच अणुशक्तीनगरला आहे, मान्य केलं की मालवेअर होतं, पण प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात. एका दिवसात ‘नाही’ चं ‘हो, पण’ झालं. तेव्हा अधिकृत नकारावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हेही तितकंच खरं. मी आर. के. सिंह यांचं विधान टाकून दिलं ते याच कारणाने, असा बचाव मी मॅडमपुढे केला होता. त्या म्हणाल्या, “मग अविश्वास दोन्ही बाजूंवर सारखा ठेव.”

१४ म्हणजे किती?

आता ते १४ ट्रोजन. ऐकायला भयंकर वाटतं. पण संशोधन करणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ज्या वीजकंपनीत अंधार झालाच नाही, तिथे असाच तपास केला तर किती सापडतील? राज्यभर कार्यालयं पसरलेल्या कुठल्याही मोठ्या संस्थेचे सर्व्हर उघडून बसलात तर ट्रोजन सापडणारच. इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही सर्व्हरचं दार काळ्या यादीतले पत्ते रोज ठोठावत असतात. मग १४ हा आकडा नेहमीपेक्षा जास्त आहे की कमी? तुलनेला दुसरा आकडाच नसेल, तर १४ काहीच सांगत नाही. औषधाच्या चाचणीत औषध न दिलेल्यांचा गट लागतो, हे आपण बारावीत शिकतो आणि सुरक्षेवर लिहायला बसलो की विसरतो. मी विसरलो होतो.

दुसरी गोष्ट तपासाच्या क्रमाची. इथे आधी वीज गेली, आणि मग सर्व्हर तपासले गेले. घरात वस्तू हरवली की आपण कपाटं उपसतो आणि भलत्याच दहा गोष्टी सापडतात. त्या सापडल्या हे खरं, पण हरवलेल्या वस्तूशी त्यांचा संबंध असेलच असं नाही.

मग संबंध कशाने सिद्ध होईल? याचं उत्तर मला कुठल्या सायबर तज्ज्ञाकडून मिळालं नाही, काकांकडून मिळालं. मी शेवटी, दोन वर्षं उशिरा, त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. ते म्हणाले, “ब्रेकर उगाच पडत नाही. त्याला कोणीतरी सांगावं लागतं. कोणी सांगितलं, ते लिहिलेलं असतं.” मोठ्या उपकेंद्रात प्रत्येक घटनेची वेळेसकट नोंद होते, मिलिसेकंदापर्यंत, आणि घड्याळं उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली असतात. तारेत दोष आला तर आधी प्रवाह आणि व्होल्टेज बिघडतं, त्याचा आलेख नोंदवला जातो, मग संरक्षक रिले तो दोष ओळखतो आणि ब्रेकरला उघडायला सांगतो. दोष आधी, आदेश नंतर. कोणी दूरून खोटा आदेश दिला असेल तर तारेत काहीच बिघडलेलं नसताना आदेश आलेला दिसेल. हे दोन ठसे वेगवेगळे असतात. (हुशार हल्लेखोर नोंदी पुसेल, रिलेच्या सेटिंगच बदलेल, हेही आहे. पण मग सेटिंग बदलल्याचा माग शोधायचा.) म्हणजे प्रश्नाचं उत्तर १४ ट्रोजनमध्ये नव्हतं, ते कळवा, पडघे आणि खारघरच्या त्या सकाळच्या नोंदींमध्ये आहे.

खरा हल्ला कसा दिसतो ते बघायचं तर युक्रेनची २३ डिसेंबर २०१५ ची घटना वाचा. तीन वीजवितरण कंपन्यांचा पुरवठा गेला, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. कंट्रोल रूममधल्या माणसांनी आपल्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरताना आणि ब्रेकर उघडले जाताना पाहिलं. तीन महिन्यांत, मार्च २०१६ मध्ये, तांत्रिक विश्लेषणाचा अहवाल सगळ्यांना वाचायला उपलब्ध झाला: फसवा मेल, चोरलेले पासवर्ड, कार्यालयाच्या जाळ्यातून यंत्रांच्या जाळ्यात उडी, सगळे टप्पे. माझं वाक्य युक्रेनबद्दल असतं तर मॅडमनी खोडलं नसतं.

पुरावा कोणाकडे आहे?

इथे माझी खरी अडचण सुरू झाली, आणि तुमचीही होईल. वीज जाण्याच्या बाजूचे कागद बरेचसे उघडे असतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली, सुनावणी झाली. अशा आदेशांत तुम्हाला सगळ्या कंपन्यांचं म्हणणं ओळीने वाचता येतं. सायबरच्या बाजूचे कागद मात्र बंद. महाराष्ट्र सायबरचा पूर्ण अहवाल मला कुठे वाचायला मिळाला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७०अ कलमाखाली महत्त्वाच्या यंत्रणांचं रक्षण करणारी एनसीआयआयपीसी, ७०ब खाली सर्ट-इन. त्यातल्या सर्ट-इनला नोव्हेंबर २०२३ मध्ये माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातून वगळण्यात आलं. त्याआधी एप्रिल २०२२ च्या आदेशाने संस्थांना सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि १८० दिवसांच्या नोंदी ठेवणं बंधनकारक झालं होतं. म्हणजे माहिती आता आधीपेक्षा जास्त गोळा होते, आणि आपल्यापर्यंत कमी पोचते. सुरक्षेच्या काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, मला मान्य आहे. पण पाच वर्षांपूर्वीच्या एका सकाळी कुठला ब्रेकर कोणत्या आदेशाने पडला, हे शहराला कळण्यात शत्रूचा नेमका काय फायदा आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आणि इथे एक सापळा आहे. एका बाजूचे कागद उघडे आणि दुसरीचे बंद असले की आपण नकळत उघड्या कागदांच्या बाजूला झुकतो. मीही झुकलो. सिनॉप्सिसच्या दुसऱ्या मसुद्यात ‘हा निव्वळ तांत्रिक बिघाड होता’ असं ठणकावून लिहिलं, आणि मॅडमनी तेही खोडलं. पुन्हा तोच शब्द.

माझं आजचं मत विचाराल तर असं: शिरकाव खरा होता, बिघाडही खरा होता, आणि उघड असलेल्या पुराव्यावरून एकामुळे दुसरं झालं असं म्हणता येत नाही. शिरकाव खरा होता, असं ऊर्जा मंत्रालयाच्या निवेदनावरूनही दिसतं: नोव्हेंबर २०२० मध्ये सर्ट-इनने पोसोकोच्या काही नियंत्रण केंद्रांना शॅडोपॅडचा इशारा दिला होता, आणि १२ फेब्रुवारी २०२१ ला एनसीआयआयपीसीने रेडएकोबद्दल कळवलं होतं. म्हणजे अमेरिकी अहवालाच्या आधी. पुढे एप्रिल २०२२ मध्ये लडाखजवळच्या भारप्रेषण केंद्रांबद्दल तसाच अहवाल आला, तेव्हा खुद्द आर. के. सिंह यांनी प्रयत्न झाल्याचं मान्य केलं. ते फसले, असं सांगितलं. अंधार झाला नाही म्हणून धोका नव्हता, असा उलटा निष्कर्षही काढू नका.

सीमेपलीकडचा अर्धा पुरावा

आंतरराष्ट्रीय सहकार्यावर लिहिताना विद्यार्थी करारांची यादी देतात. मीही दिली होती. तिचा उपयोग काय, हे वरच्या लडाखच्या प्रकरणातून बघा. त्यात हल्लेखोरांनी हुकूम देण्यासाठी वापरलेली यंत्रं म्हणजे दुसऱ्याच देशांतले, इंटरनेटला उघडे पडलेले सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर होते. आमच्या चाळीच्या जिन्यात आहे तसाच एखादा. लॉगमध्ये दिसतो तो त्या बिचाऱ्या दुकानदाराचा पत्ता. त्याच्या पलीकडे कोण आहे, ते शोधायला त्या देशाची मदत लागते, आणि रीतसर न्यायालयीन मदतीच्या मार्गाने जाईपर्यंत नोंदी पुसल्या गेलेल्या असतात. सायबर गुन्ह्यांबद्दलचा बुडापेस्ट करार २००१ चा. भारत त्यात नाही. संयुक्त राष्ट्रांनी आपला करार डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकारला. पण हे करार गुन्ह्यांसाठी आहेत. एका देशाने दुसऱ्याच्या वीजयंत्रणेत शिरण्याबद्दल काय? २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने ११ नियम मांडले. शांततेच्या काळात दुसऱ्याच्या अत्यावश्यक यंत्रणांना इजा करू नये, हा त्यातलाच एक. त्या गटात चीनही होता. नियम ऐच्छिक आहेत. नुसतं शिरून बसणं, इजा न करता, या नियमात मोडतं का, यावर वाद आहे, आणि रेडएकोचं प्रकरण नेमकं तिथेच येतं.

सहकार्य कुठे चालतं, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेत दिसतं. ऑगस्ट २०१८ मध्ये तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. त्यातले सुमारे ७८ कोटी २८ देशांतल्या एटीएममधून, अडीच कोटी भारतातून, आणि जवळजवळ १४ कोटी स्विफ्टमार्फत हाँगकाँगला. पैसा जातो तिथे माग उरतो. एटीएमपुढे उभ्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यात येतो, हाँगकाँगचं खातं गोठवता येतं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. पण ते पैसे काढणारे हात होते. डोकं कोणाचं, याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. एकाच घटनेत दोन पातळ्यांचे पुरावे, एक न्यायालयात टिकणारा, एक आंतरराष्ट्रीय राजकारणात पुरणारा. तुमच्या प्रबंधात ‘सिद्ध झालं’ असं लिहाल तेव्हा कुठल्या पातळीवर, ते लिहा.

आणि कधीकधी निशाणा आपण नसतोच. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या सुटला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तो मर्स्क कंपनीच्या जाळ्यात शिरला, आणि आपल्या न्हावाशेव्याला त्या समूहाच्या टर्मिनलचं काम थंडावलं. गिरगाव चौपाटीपासून समुद्रमार्गे ते ठिकाण फार लांब नाही. ब्रिटन, अमेरिका आणि इतर देशांनी रशियाचं नाव अधिकृतपणे घेतलं ते फेब्रुवारी २०१८ मध्ये, जवळजवळ आठ महिन्यांनी. आपल्याकडे उत्तर २४ तासांत हवं असतं.

एआयने होईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. समजा एका नियंत्रण केंद्रात दिवसाला १० लाख घटना नोंदल्या जातात आणि त्यातल्या १० खऱ्या हल्ल्याच्या आहेत. तुमचं मॉडेल ९९ टक्के अचूक आहे, म्हणजे खऱ्यातल्या ९९ टक्के पकडतं आणि निर्दोष घटनांपैकी फक्त एक टक्का चुकून पकडतं. रोज किती धोक्याच्या घंटा वाजतील? सुमारे १०,०१०. त्यातल्या खऱ्या १०. पाळीवरचा इंजिनिअर तिसऱ्या दिवशी घंटा बंद करून ठेवेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. स्टेफान अॅक्सेलसन यांनी ही अडचण १९९९ मध्येच मांडली आहे. तरी ‘अचूकता ९९ टक्के’ असे निबंध अजून येतात. त्यातले बरेच सिंगापूरच्या स्वॅट या पाणीशुद्धीकरणाच्या प्रयोगसंचावरच्या डेटावर केलेले असतात. डेटा उत्तम आहे, फुकट मिळतो, मीही वापरलाय. पण प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या टाक्यांवर शिकवलेलं मॉडेल कळव्याचं उपकेंद्र सांभाळेल, असं शीर्षकात लिहू नका. आरआरसीमध्ये कोणीतरी विचारतंच. मला विचारलं.

तर माझा विषय आता असा आहे: भारतातल्या अत्यावश्यक यंत्रणांमधल्या सायबर घटनांबद्दल कोण, किती दिवसांनी, कुठल्या दर्जाचा पुरावा उघड करतं, आणि नंतरचे लेखक त्या विधानांचं काय करतात. त्यासाठी गुप्त कागद लागत नाहीत. जाहीर निवेदनं, विधिमंडळ आणि संसदेतली उत्तरं, नियामक आयोगाचे आदेश, आणि खूप सारी वर्तमानपत्रं लागतात. ‘असावेत’ चं ‘होते’ कधी झालं, ते मी तारखेनिशी शोधतो. गृहमंत्र्यांच्या विधानातला तो ‘असावेत’ काही ठिकाणी दुसऱ्याच दिवशी गळाला होता.

विषय घ्यायच्या आधी तुम्हीही हे एकदा करून बघा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात आवडतं वाक्य घ्या आणि त्याच्या मुळाशी जाईपर्यंत एकेक संदर्भ मागे मागे उलगडत जा. माझ्या वाक्याच्या मागे ११ लेख होते. ते सगळे फिरून त्या एकाच अहवालावर आणि त्या एकाच पत्रकार परिषदेवर येऊन थांबले.

काकांना मी नवा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी आयलंडिंगच्या परिच्छेदात दोन दुरुस्त्या सांगितल्या आणि विचारलं, “त्या दिवशीच्या रिलेच्या नोंदी मिळाल्या का रे?” नाही मिळाल्या. अर्ज केलाय.